गणपतीच्या शाळेत डोळ्यांची आखणी शिकताना

ज्याचा हात उपजतच चांगला आहे, त्याला मूर्तिकाम लवकर जमते हे खरे. परंतु कोकणातील गणपतीच्या शाळेत, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवण्याच्या कारखान्यात, मूर्तीचे डोळे आखण्याचा मान केवळ त्या बळावर मिळत नाही, आणि मिळूही नये. सुरुवात शाडूची माती मळण्यापासून करावी, कारण मातीत राहिलेला एखादा खडा सुकताना सोंडेला तडा देतो.

आखणीचा सराव थेट मूर्तीवर करू नये. जुनी पाटी घ्यावी आणि बारीक कुंचला पाण्यात बुडवून रोज 50 डोळे काढावेत. पाणी वाळले की पाटी पुन्हा कोरी होते. पापणीची रेघ ओढताना करंगळी टेकवावी, श्वास क्षणभर रोखावा आणि रेघ एका दमात संपवावी, कारण मध्येच थांबल्यास तेथे रंगाची गाठ पडते. दोन्ही बुबुळे एका रेषेत आली का, हे चार हात मागे सरून पाहावे.

दिवाळीनंतर शाळा बंद असते, तेव्हाही हा सराव सोडू नये. दोन महिने कुंचला हाती घेतला नाही, तर पहिली बिघडते ती डाव्या डोळ्याची रेघ, असा माझा अनुभव आहे.