कुडाचा संडास, आजी-आजोबांनाही वापरता येईल असा: या चुका टाळा

कोकणात बांबू-कारवीचा कूड (विणलेली भिंत) घालून, शेणमातीने लिंपून संडासाचा आडोसा स्वस्तात उभा राहतो. पण घरात कुबडीवर चालणारं किंवा चाकाच्या खुर्चीवरचं माणूस असेल, तर काम फसतं ते कुडात नव्हे, जोत्यात.

पाणी शिरू नये म्हणून जोतं दीड फूट उचलतात आणि पायऱ्यांऐवजी चार फुटांचा उतार बांधून मोकळे होतात. ही घसरगुंडीच. फूटभर चढायला १२ फूट उतार लागतो, म्हणजे दीड फुटाला १८. एवढं अंगण कुणाकडे आहे? त्यापेक्षा जोतंच कमी करा. शोषखड्डे जमीन उतरते त्या खालच्या अंगाला घ्या, वरून येणारं पाणी चर खणून वळवा. मग बहुतेक ठिकाणी अर्ध्या फुटाच्या जोत्यावर भागतं आणि उतार सहा फुटांत बसतो. ओल्या सिमेंटवर खराटा ओढून ठेवा, नाहीतर आषाढात शेवाळावरून पाय सटकलाच.

दुसरी चूक जिवावर बेतणारी: धरायचा दांडा कुडाला बांधणं. कूड वारा अडवतो, माणसाचं वजन पेलत नाही. संडासाच्या भांड्याच्या दोन्ही बाजूंना वेगळे खांब दोन फूट खोल पक्के रोवा. इथे बांबूचा हट्ट नको, तो मातीत कुजतो. जुन्या घराची ऐनाची मेढ (लाकडी खांब) पडून असेल तर उत्तम, नाहीतर सरळ जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप घ्या. वाचवायचे पैसे भिंतीत वाचवा. दांडा बसवला की धडधाकट माणसाने लोंबकळून बघावं.

बांबूतून पिवळसर भुकटी पडतेय? भुंगा लागलाय. वरून रंग फासून तो जात नाही. तो बांबू बदला. नवा घ्याल तो बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवलेला घ्या.

दार खाली घासतंय? खालच्या बिजागरीपासून वरच्या, कडीकडच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी पट्टी ठोका. आणि दार बाहेरच उघडू दे. आत कुणी चक्कर येऊन पडलं, तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगाला अडतं.

स्वच्छ भारत मिशनच्या १२,००० रुपयांच्या अनुदानात बसवायचं म्हणून खोली चार बाय तीन फुटांची करतात. त्यात खुर्ची वळणार कशी? तिला पाच फुटांचं वर्तुळ लागतं, दाराला तीन फूट मोकळी रुंदी. मेढी रोवण्याआधी जमिनीवर फक्कीने आखा आणि ज्यांच्यासाठी बांधताय त्यांनाच खुर्चीसकट त्यात फिरवून बघा. बादली-तांब्या बसल्या जागी हाताला येतो का, तेही तेव्हाच कळेल.