धावण्याचं अंतर वाढवताना या चुका टाळा

जून लागला की पुण्यातल्या तळजाई टेकडीवर धावणारी नवी मंडळी दिसायला लागतात. डोक्यात सातारा हिल हाफ मॅरेथॉन असते. आठवड्याला जेमतेम १५ किलोमीटर धावणं होत असतं आणि जुलै संपायच्या आत ४० गाठायचे असतात. ऑगस्टमध्ये त्यांतलेच बरेच जण नडगी नाहीतर गुडघा चोळत कट्ट्यावर बसलेले असतात. दरवर्षी हेच बघून जीव तुटतो.

दम पुरतोय म्हणून अंतर वाढवणं

दम महिना-दीड महिन्यात वाढतो. हाडांचं गणित वेगळं असतं. ताण वाढला की शरीर आधी तिथलं जुनं हाड कोरून काढतं आणि मग नवं भरतं. कोरायला सुमारे तीन आठवडे लागतात, भरायला तीन महिने. म्हणजे तुम्हाला सगळ्यात जोर आल्यासारखं वाटतं, नेमकं तेव्हाच नडगीचं हाड कच्चं असतं.

आठवड्याला १० टक्के वाढवा, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. मी त्यावर विसंबत नाही. तीन आठवडे थोडं थोडं वाढवतो आणि चौथ्या आठवड्यात एक तृतीयांश कमी करतो. अंतर वाढवलेल्या आठवड्यात घाट नाही आणि वेगाचा सरावही नाही. अंतर आणि वेग दोन्ही एकदम वाढवू पाहणाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो, यंदाची शर्यत सोडा, पुढच्या वर्षीची धरा.

गोळी घेऊन धावणं

ही चूक मी स्वतः केली आहे. उजव्या नडगीची आतली कड वीतभर दुखायची. धावायला लागलं की पाय मोकळा व्हायचा, म्हणून रोज सकाळी पेनकिलर, संध्याकाळी बाम आणि शेक. तीन आठवड्यांनी दुखणं आकसलं आणि रुपयाएवढ्या जागेत आलं. मला वाटलं, बरं होतंय. खरं तर तिथे हाडाला तडा जात होता. रात्री ठणका लागायला लागला तेव्हा एक्स-रे काढला, त्यात काहीच दिसलं नाही. तेवढ्या भरवशावर रविवारी यवतेश्वरचा घाट चढलो. उतरताना पाय टेकवेना. एका अनोळखी दुचाकीवाल्याने साताऱ्यापर्यंत आणून सोडलं. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. आठ आठवडे धावणं बंद, आणि शर्यत गेली ती गेलीच.

असा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बहुधा दिसतच नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता कोणी नडगी दुखते म्हटलं की मी आधी विचारतो, बोटाने जागा दाखव. तळहात फिरवून सगळी कड दाखवली तर अंतर निम्मं करायला सांगतो आणि आठवडाभर वाट बघतो. एकाच बोटाने नेमकी जागा दाखवली, त्या पायावर उडी मारताना कळ आली किंवा रात्री ठणकत असेल, तर त्याच दिवसापासून धावणं बंद आणि गाठायचा अस्थिरोगतज्ज्ञ. गोळीने नेमकी हीच खूण झाकली जाते. शिवाय घाम गेलेल्या अंगाने आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊन लांब पल्ला धावलं, तर मूत्रपिंडावर ताण येतो तो वेगळाच.

बाकीच्या

दुखऱ्या नडगीवर रगडून मालिश करून घेऊ नका.

सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाचेत कळ येत असेल, तर घरात अनवाणी फिरणं थांबवा. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा सावकाश वर-खाली करायचा व्यायाम मी रोज दात घासताना करतो.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, विशेषतः उतारावर दुखत असेल, तर काही आठवडे उतार टाळा, पावलं छोटी टाका आणि नितंबांच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करा. नुसता नी-कॅप चढवून काही साधत नाही.

बूट घेतल्याची तारीख आतल्या बाजूला लिहून ठेवा. मी साधारण ७०० किलोमीटरनंतर बदलतो, वरून कितीही नवे दिसले तरी.

आणि बरं वाटल्यावर पहिल्याच दिवशी दहा किलोमीटर धावू नका. आधी अर्धा तास भरभर चालून बघा. त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी काही दुखलं नाही, तर एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा. तेही एक दिवसाआड.