मांजराला भाजी देताय? मग या चुका टाळा

माझ्या घरात गेली १७ वर्षं मांजरं आहेत, आत्ता चार आहेत, त्यामुळे ओळखीत कुणी पिल्लू आणलं की मला फोन येतोच. "ताई, माऊला गाजर चालतं का? भोपळा चालतो का? एक लिस्ट पाठवून द्या ना." लिस्ट काय, दोन ओळींची आहे. लाल भोपळा, गाजर, फरसबी, मटार हे उकडून, बिनमिठाचं, आणि काकडीचा सालं-बिया काढलेला एखादा तुकडा. झाली लिस्ट. पण आजपर्यंत मी जेवढी मांजरं भाजीपायी आजारी पडलेली बघितली त्यातलं एकही भोपळ्याने किंवा गाजराने आजारी पडलेलं नव्हतं, ती भाजी फोडणीत पडल्यानंतर ताटातून उचलून दिली म्हणून पडलं होतं. आणि "फोडणीच्या आधी काढायची का नंतर?" हे मात्र कुणी विचारत नाही.

कांदा-लसूण. मी यावरच जास्त बोलणार आहे कारण आपल्याकडे कांद्याशिवाय भाजी होत नाही आणि लोकांना वाटतं की कच्चा कांदा वाईट, शिजला की काही नाही. असं नाहीये. कांदा, लसूण, पातीचा कांदा, लसणाची पात यांच्यात गंधकाची जी द्रव्यं असतात ती मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि ती शिजवून जात नाहीत, तळून जात नाहीत, वाळवून तर उलट जास्तच दाट होतात, म्हणजे सूपची पाकिटं, नूडल्सचा मसाला, लसणाची चटणी हे सगळं अजून वाईट. मांजराच्या वजनाला किलोमागे साधारण ५ ग्रॅम कांदा त्रास द्यायला पुरतो असं पशुवैद्यक सांगतात. ४ किलोच्या मांजराला २० ग्रॅम, म्हणजे मध्यम कांद्याची एक मोठी फोड. आणि रोज थोडं थोडं गेलं तरी ते साठत जातं.

आमची ठकी, तिरंगी, पावणेचार किलोची. मी लग्नाला म्हणून पाच दिवस कोल्हापूरला गेले आणि तिला शेजारच्या काकूंकडे ठेवलं. काकूंचा जीव आहे तिच्यावर. तिला भोपळा फार आवडतो हे मीच त्यांना सांगून गेले होते, पण कसला भोपळा ते सांगायचं राहिलं. काकूंनी रोज आपल्या भाजीतला भोपळा काढून, वरची मिरची-कांदा बाजूला करून, चिकनच्या रश्श्यातले पीस नळाखाली धुऊन त्यात कुस्करून दिले. प्रेमाने दिले आणि तिनेही वाटी चाटूनपुसून खाल्ली. मी रविवारी रात्री परत आले तर ठकी दाराशी आली नाही. कॉटखाली बसलेली. मला वाटलं रुसलीये. सोमवारी सकाळी बघते तर पोट भराभर वरखाली होतंय, लिटरमधला, म्हणजे तिच्या शी-शूच्या मातीतला, लघवीचा गोळा चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी, आणि मी तिचा वरचा ओठ उचलला तर हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या. तसा रंग मी आधी कधी बघितला नव्हता आणि विसरणंही शक्य नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, तांबड्या पेशींचं प्रमाण १३ टक्के, जे ३० ते ४५ च्या आसपास असायला हवं. काच मायक्रोस्कोपखाली धरली तर पेशींच्या कडेला बोंडासारखे फुगवटे, त्यांना हाइन्झ बॉडीज म्हणतात. त्यांनी पहिलं विचारलं, "कांदा खाल्लाय का?" रक्त द्यावं लागलं. मांजरांमध्ये ए, बी आणि एबी असे गट असतात आणि कुणाचंही रक्त कुणालाही चालेल असा गटच नसतो, त्यामुळे पहिल्यांदा देतानासुद्धा गट जुळवावाच लागतो, त्यात अर्धा दिवस गेला. शेवटी माझ्या भावाच्या बोक्याचं रक्त जुळलं. ठकी वाचली. हिरड्यांना गुलाबी रंग यायला तीन आठवडे लागले. काकू त्या तीन आठवड्यांत रोज येऊन तिच्याजवळ बसायच्या, त्यांना कोण काय बोलणार.

हे एवढं सांगायचं कारण, लक्षणं लगेच दिसत नाहीत. कांदा आज खाल्ला आणि मांजर मलूल झालं चार दिवसांनी, तोपर्यंत आपण ती भाजी विसरलेलो असतो. आणि "मी धुऊन दिलं होतं" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. चिकन कांद्याच्या वाटणात तासभर शिजलंय, त्याच्या आत तो रस मुरलाय, नळाखाली धरून काय निघणार आहे? तिखट निघेल फार तर.

माझी पद्धत विचाराल तर ती अशी. कुकर लावताना वरणाच्या डब्यावर झाकणाचा छोटा डबा ठेवते, त्यात भोपळ्याच्या चार फोडी. मीठ नाही, हळद नाही, तूप नाही. कुकर उघडल्यावर कढईला हात लावायच्या आधी तो डबा ओट्यावरून खाली, वेगळा. गार करून चमच्याने कुस्करते आणि बर्फाच्या ट्रेमध्ये लावते, मग एक तुकडा काढला की दोन मांजरांना पुरतो. एका वेळी एका मांजराला अर्धा चमचा, चहाचा चमचा. आठवड्यातून दोनदा. ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरीज लागतात आणि सगळा वरचा खाऊ धरून त्यातल्या १० टक्क्यांच्या वर जाऊ नये, म्हणून चमचा. ज्यांना वाटीने द्यायची घाई असते त्यांना दुसऱ्या दिवशी जुलाब साफ करायला लागतात.

आता दुसरी चूक, आणि ही ऐकली की मला खरंच राग येतो. "आमच्याकडे शाकाहारी आहे, माऊपण वरण-भात आणि भाजी खाते, काही झालं नाही तिला." झालं नाही म्हणजे दिसलं नाही. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे, टॉरीन नावाचं अमिनो आम्ल त्याला खाण्यातूनच लागतं आणि ते भाजीत नसतं. गाजरातल्या केरोटीनपासून आपण व्हिटॅमिन ए बनवतो, मांजराला ते जमत नाही, त्यामुळे "गाजर डोळ्यांना चांगलं" हे त्याच्या बाबतीत लागूच नाही. टॉरीन कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून ढिलं पडतं. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या पशुवैद्यकांनी हृदयाचं हे दाखवून दिलं, तोपर्यंत पाकिटातलं नि डब्यातलं खाणं खाऊनसुद्धा मांजरं हृदयाने जात होती, मग कंपन्यांनी टॉरीन वाढवलं. शाकाहारी घरात मांजर पाळू नका असं मी म्हणत नाहीये, मांस घरात शिजवायचं नसेल तर मांजरांचं तयार खाणं आणा, पण तिच्या जेवणाच्या जागी भाजी नको. "दोन दिवस उपाशी राहिली की खाईल भाजी" असं तर करूच नका, मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर लिव्हरमध्ये चरबी साचून जिवावर बेततं, जाड मांजर असेल तर जास्तच.

बरं, भोपळा ती गोड म्हणून खाते असंही नाही, मांजराला गोड चव कळतच नाही. वास आणि मऊपणा आवडतो. म्हणून गूळ-साखर घालून आवडीचं करायच्या फंदात पडू नका.

अजून एक, बोकेवाल्यांनी नीट वाचा. बोका लिटरमध्ये सारखा जाऊन कुंथतोय, ओरडतोय, की लोक समजतात बद्धकोष्ठ झालं आणि भोपळा भरवत बसतात. पुष्कळदा ते शी नसून लघवी तुंबलेली असते. लिटरमध्ये लघवीचा गोळा दिसत नसेल तर भोपळा राहू दे, रिक्षा बोलवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. एक-दोन दिवसांत जीव जातो त्यात. सकाळी बघू म्हणून थांबलेले लोक मला माहितीयेत.

बाकीचं पटापट. कच्चं गाजर नको, घशात अडकतं. कच्चा बटाटा, हिरवा पडलेला बटाटा, न पिकलेला हिरवा टोमॅटो आणि त्यांचा पाला नको. लघवीत खडे होऊन गेले असतील तर पालक नको. मक्याचं कणीस खेळायला देऊ नका, आतला दांडा गिळला तर आतड्यात अडकतो आणि ऑपरेशन होतं. मांजर जेवत असताना मागे काकडी ठेवून ते उडी मारतं त्याचा व्हिडिओ काढणं बंद करा, ते घाबरतं आणि जेवायच्या जागेलाच बिचकायला लागतं.

कांदा खाल्लाच तर मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका, दूध पाजू नका, आणि घरातली तापाची गोळी तर अजिबात नको, पॅरासिटामॉलची एक गोळी मांजर मारू शकते. किती खाल्लं, किती वाजता, हे कागदावर लिहा आणि डॉक्टरांना फोन करा, मांजर ठणठणीत दिसत असलं तरी. पुढचे पाच-सहा दिवस रोज ओठ उचलून हिरडी बघा, बोटाने दाबली की पांढरी होते आणि दोनेक सेकंदांत परत गुलाबी व्हायला पाहिजे. खरं तर हे आत्ताच करून बघा, मांजर चांगलं असताना, म्हणजे तिचा नेहमीचा रंग कसा असतो ते तुम्हाला माहीत असेल. काळ्या हिरडीची मांजरं असतात, त्यांची जीभ बघायची किंवा खालची पापणी जराशी ओढून आतला रंग बघायचा.

नवीन भाजी पहिल्यांदा देताना एकच द्या, वाटाण्याएवढी, आणि दोन दिवस थांबा. हुंगून निघून गेली तर जाऊ द्या.