बुद्धिबळ इंजिनमध्ये बरोबरीचे नियम आणि हॅश टेबल यांचा मेळ कसा घालावा

वजीर जास्त असूनही इंजिन राजा पुढे-मागे करत डाव बरोबरीत सोडतं? विदित गुजराथीच्या नाशिकमध्ये असं इंजिन क्लबच्या मुलांसमोर ठेवलं, तर हा दोष पहिल्याच डावात उघडा पडेल. मूळ कारण एकच: हॅश टेबलातल्या, म्हणजे आधी तपासलेल्या स्थितींचे निकाल साठवणाऱ्या तक्त्यातल्या, स्कोअरला त्या स्थितीपर्यंत आपण कसे आलो हे ठाऊक नसतं.

झोब्रिस्ट कीमध्ये (टेबलात स्थिती ओळखण्याचा आकडा) खेळी कोणाची, किल्लेकोटाचे हक्क आणि एन पासाँचा (दोन घरं चाललेलं प्यादं लगेच एकच घर चालल्यासारखं मारणं) स्तंभ घ्या. स्तंभ मात्र प्यादं खरोखर मारता येत असेल तरच, नाहीतर एकाच स्थितीच्या दोन की होतात आणि पुनरावृत्ती (तीच स्थिती तीनदा आली की बरोबरी) निसटते. यूसीआयकडून (इंजिन आणि पट दाखवणारा प्रोग्राम यांच्यातली संवादपद्धत) आलेल्या डावातल्या खेळ्याही इतिहासाच्या यादीत भरा.

आता खरी मेख. नोडवर (सर्चमध्ये, म्हणजे इंजिनच्या शोधात, तपासली जाणारी प्रत्येक स्थिती) आधी बरोबरी तपासा, मगच टेबल बघा. उलटा क्रम सांगणारे धडे सरळ बाजूला ठेवा. यादीत चार अर्धखेळ्या (एका बाजूची एक खेळी म्हणजे एक अर्धखेळी) मागून सुरुवात करून दोन-दोन मागे जा. शेवटची मारामारी, प्याद्याची खेळी किंवा नल मूव्ह (सर्चमध्ये खेळी न करता पाळी सोडणं) आली की थांबा. सर्चच्या आत एकदा पुनरावृत्ती झाली तरी शून्य, म्हणजे बरोबरीचा स्कोअर, द्या. रूटच्या (सर्च जिथून सुरू होतो ती पटावरची स्थिती) आधीच्या डावात मात्र ती स्थिती दोनदा येऊन गेलेली हवी. रूटवर यातलं काहीच नको, तिथे खेळी परत द्यावीच लागते.

हे शून्य टेबलात लिहू नका. तरीही वरच्या नोडच्या स्कोअरमध्ये ते झिरपतंच. म्हणून सगळा इतिहास कीमध्ये कोंबा, असा सल्ला मिळतो. तो अजिबात ऐकू नका: वेगवेगळ्या क्रमाने आलेली एकच स्थिती मग जुळतच नाही आणि टेबल ठेवण्यात अर्थ उरत नाही. एवढी गळती सोसावी.

पन्नास खेळ्यांच्या नियमाची (तेवढ्या खेळ्यांत मारामारी किंवा प्याद्याची खेळी नसेल तर बरोबरी) गळती मात्र आवरता येते. अर्धखेळ्यांची मोजणी ९० च्या पुढे गेली की टेबलातली खेळी घ्या, स्कोअरवर कटऑफ (तो स्कोअर मानून सर्च तिथेच थांबवणं) नको. मोजणी १०० झाली आणि राजाला शह असेल, तर आधी मात झाली का बघा. मात बरोबरीच्या वर.

चाचणी: पांढरा राजा एफ६, हत्ती ए१, काळा राजा जी८, खेळी पांढऱ्याची. मोजणी ९७ असताना हत्ती एच१, राजा एफ८, हत्ती एच८ अशी दोन खेळ्यांत मात दिसली पाहिजे. टेबल न पुसता तीच स्थिती मोजणी ९८ ठेवून द्या. उत्तर शून्य यायला हवं. पुन्हा मात दिसली, तर कटऑफची अट तपासा.