काटा पावतीचा क्रम का बिघडला, अन् जेसन-यामल फाइलमध्ये कीजचा क्रम कसा टिकवायचा

राजेहो, एका काटा पावतीपायी हे लिहून राहिलो. आमच्या दारव्हा तालुक्यात एका धान्य खरेदीवाल्याला मी पायथन या प्रोग्रामच्या भाषेत छोटा प्रोग्राम करून दिला होता, गाडी काट्यावर आली की माहिती भरायची, ती जेसन फाइलमध्ये जाते (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्या ठेवायची मजकुराची फाइल, त्या नावालाच 'की' म्हणतात) अन् त्याच फाइलवरून पावती छापून निघते. क्रम असा ठेवला होता: शेतकरी, गाव, गाडी, माल, भरलं वजन, खाली वजन, निव्वळ वजन, ओलावा, भाव, रक्कम. ऐन सोयाबीनच्या सीझनमध्ये फाइल जरा नीट दिसावी म्हणून मी लिहायच्या ओळीत एक ऑप्शन वाढवला, अन् दुसऱ्या दिवशी पावती निघाली ती अशी: ओलावा, खाली वजन, गाडी, गाव, निव्वळ वजन, भरलं वजन, भाव, माल, रक्कम आणि सगळ्यात खाली शेतकरी. आमचे काका पावती घेऊन घरीच आले, म्हणे, "अबे, माह्यं नाव पार खाली कायले नेलं? अन् हे वजन कशातून वजा करू मी?"

काकाचं बरोबर होतं. माणूस पावती वरून खाली वाचतो, ३१.८० क्विंटलमधून १२.३५ गेले, उरले १९.४५, मग भाव, मग रक्कम, असा हिशोब करत करत तो उतरतो. आकडे सगळे बरोबर होते, एकही इकडचा तिकडे नव्हता, पण क्रम गेला म्हणून त्याला हिशोब तपासता येईना, आणि ज्या पावतीचा हिशोब शेतकऱ्याला स्वतः तपासता येत नाही ती पावती माझ्या मते चुकीचीच. म्हणून क्रमाला फक्त दिसण्याची गोष्ट समजू नका.

आता मुळात हे होतं कशामुळे ते पाहा. जेसनमध्ये दोन प्रकारचे डबे असतात, महिरपी कंसातला ऑब्जेक्ट आणि चौकोनी कंसातला ॲरे. जेसनचं जे स्टँडर्ड आहे, आरएफसी ८२५९, डिसेंबर २०१७ चं, त्यात ऑब्जेक्टला बिनक्रमाचा संग्रह म्हटलं आहे आणि ॲरेला क्रमाचा. म्हणजे ऑब्जेक्टमधल्या कीज कोणत्या क्रमानं ठेवायच्या हे वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या लायब्ररीच्या, म्हणजे तयार कोडच्या, मर्जीवर, एखादी लायब्ररी क्रम सांभाळते, एखादी एबीसीडीनं लावते, एखादी कसाही देते, आणि तिघीही नियमात बसतात. ॲरेचा क्रम मात्र कोणी हलवू शकत नाही. हा फरक डोक्यात पक्का बसवा, शेवटी याचाच उपयोग होणार आहे.

पायथनवाल्यांसाठी गोष्ट सोपी आहे. ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून, साधी डिक्ट (की-किंमतीच्या जोड्या ठेवायचा पायथनचा डबा) टाकलेल्या क्रमानंच राहते याची भाषेनंच हमी दिली आहे (३.६ मध्येही नेहमीच्या पायथनमध्ये तसंच चालायचं, पण हमी नव्हती). त्यामुळे जेसन डॉट लोडनं फाइल वाचली की क्रम फाइलमधलाच येतो आणि जेसन डॉट डंपनं लिहिली की तोच क्रम परत जातो, वेगळं काही करावं लागत नाही. बिघडवतो तो एकच ऑप्शन, सॉर्ट कीज. तो मुळात फॉल्स असतो, मी ट्रू केला होता. एवढीच माझी चूक, पण तो ऑप्शन वरवरच्याच नाही तर आतल्या सगळ्या ऑब्जेक्टमधल्या कीजही लावून टाकतो, आणि मराठी कीज असल्या की युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या, नंबरानं लावतो, स्वर आधी मग व्यंजनं, म्हणून ओलावा वर गेला आणि शेतकरी खाली. कुणाचा जुना कोड चालवत असाल तर आधी त्यात हा शब्द शोधा. आणि कुठं जुनं पायथन अजून चालू असेल तर तिथं कलेक्शन्समधली ऑर्डर्ड डिक्ट घ्यायची आणि जेसन डॉट लोडला ऑब्जेक्ट पेअर्स हुक म्हणून ती द्यायची, मग तिथंही क्रम टिकतो.

जेसन डॉट डंपनं फाइल लिहिताना अजून काही गोष्टी करून घ्या, क्रमाशी थेट संबंध नाही पण फाइल उघडून क्रम पाहायचा असेल तर लागतातच. एन्शुअर आस्की फॉल्स करा, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी उलटी तिरपी रेघ, यू आणि आकडे असं काहीतरी दिसतं आणि कोणती की कुठं आहे तेच कळत नाही. आणि फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) यूटीएफ-८ स्वतः लिहा, विंडोजवर ते आपोआप होईलच असं धरू नका. इंडेंट २ दिला की एका ओळीत एक की येते, वाचायला बरं पडतं.

आता डिक्टमध्येच क्रम कसा हलतो ते समजून घ्या, कारण सॉर्ट कीज नसतानाही लोकांचा क्रम जातो आणि मग ते लायब्ररीला दोष देतात. आधीच असलेल्या कीची किंमत बदलली तर ती आपल्या जागेवरच राहते, म्हणजे भाव चुकला आणि तुम्ही भाव नव्यानं टाकला तर काही हलत नाही. पण की आधी काढली आणि मग परत टाकली तर ती जाते शेवटी. मी दुरुस्तीच्या बटणात हेच केलं होतं, पॉप करून परत टाकत होतो, तर ज्या पावतीत भाव दुरुस्त केला तिच्यात भाव रकमेच्याही खाली जायचा. तसंच मधे एखादी नवी की घुसवायची असेल, समजा ओलाव्यानंतर हमाली, तर डिक्टला तशी सोय नाही, नवी डिक्ट बनवून त्यात क्रमानं सगळं परत भरावं लागतं, दहा-पंधरा कीजला काही वेळ लागत नाही, बिनधास्त करा. आणि कीजची यादी कधीही सेटमधून फिरवू नका, सेटला क्रमच नसतो. दुबार नावं काढायची असतील तर डिक्ट डॉट फ्रॉम कीज वापरा, दुबार निघतात आणि पहिल्यांदा आलेला क्रम राहतो.

यामल म्हणजे अशाच जोड्या हातानं लिहायला सोपी पडणारी दुसरी फाइल, तिचं वेगळं आहे. सेटिंगच्या फाइली आम्ही यामलमध्ये ठेवतो कारण दुकानातल्या पोराला ती हातानं बदलता येते. पायथनची नेहमीची पायवायएमएल लायब्ररी वाचताना क्रम ठेवते पण लिहिताना कीज स्वतःहून सॉर्ट करते, इथं सॉर्ट कीज मुळातच ट्रू आहे, जेसनच्या नेमकं उलट. आवृत्ती ५.१ पासून तो फॉल्स करता येतो, तो करा आणि सोबत अलाऊ युनिकोड ट्रू करा म्हणजे मराठी मराठीसारखी दिसेल. तरीही एक नुकसान होतंच, फाइलमध्ये हॅश लावून लिहिलेल्या सूचना, "हा आकडा बदलू नका" वगैरे, त्या सगळ्या उडून जातात. माणसानं हातानं लिहिलेली फाइल प्रोग्राममधून परत लिहायची असेल तर मी रुआमेल यामलच घेतो, तिच्यात क्रमही राहतो आणि सूचनाही राहतात.

जावास्क्रिप्टवाल्यांनी हे नीट वाचा, कारण इथं फसगत जास्त आहे. तिथं साध्या शब्दांच्या कीज टाकलेल्या क्रमानं राहतात, म्हणून लोकांना वाटतं सगळंच राहतं. पण की जर पूर्ण आकडा असेल तर असे सगळे आकडे आधी, लहानाकडून मोठ्याकडे, आणि बाकीच्या त्यांच्यामागे. आता आपल्याकडे गट नंबर हीच की करायची सवय. समजा पांदण रस्त्यानं जाताना शेतं ज्या क्रमानं लागतात तशी यादी केली, ११२, ४५, ११२/१, ७, आणि आकडे इंग्रजीत टाईप केले. जेसन डॉट पार्सनं वाचून परत लिहिलं की क्रम होतो ७, ४५, ११२ आणि मग ११२/१, कारण तिरपी रेघ असलेला नंबर त्याच्या लेखी आकडा नाही, शब्द आहे. आकडे देवनागरीत टाईप केले तर तेही शब्दच धरले जातात आणि हलत नाहीत, पण त्याच्या भरवशावर राहू नका, उद्या कोणी इंग्रजी आकड्यात टाईप करेल. मॅप नावाचा दुसरा डबा वापरला तर त्यात आकडे असले तरी टाकलेला क्रम राहतो, पण जेसन डॉट पार्स मॅप देत नाही, ऑब्जेक्ट देतं, म्हणजे तुमच्या हातात येईपर्यंत क्रम गेलेला असतो. खरा उपाय म्हणजे गट नंबर की करूच नका, ॲरे करा आणि त्यातल्या प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये गट नावाची की ठेवा.

बाकीच्या भाषांचं थोडक्यात सांगतो. गो भाषेत मॅप फिरवताना क्रमाचा काही भरवसा नसतो आणि त्याचं जेसन बनवताना कीज सॉर्ट होऊन निघतात, स्ट्रक्ट केला तर फील्ड ज्या क्रमानं लिहिले त्याच क्रमानं येतात, तेव्हा स्ट्रक्टच करा. जावामध्ये हॅशमॅप नको, लिंक्ड हॅशमॅप घ्या. रस्टमध्ये सर्डे जेसन या लायब्ररीला प्रिझर्व्ह ऑर्डर हे फीचर चालू करावं लागतं. पीएचपी आणि रुबीमध्ये क्रम राहतो.

एक जागा मात्र लोक विसरतात, डेटाबेस. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जेसन आणि जेसनबी असे दोन टाईप आहेत. जेसन टाईप तुम्ही दिलेला मजकूर जसाच्या तसा ठेवतो, जेसनबी कीजचा क्रम ठेवत नाही आणि दुबार की असेल तर शेवटचीच ठेवतो. कोड कितीही जपून लिहिला आणि मधे फाइल जेसनबीच्या रकान्यातून फिरून आली तर क्रम गेलाच समजा.

म्हणून मी आता पावतीसाठी काय करतो ते सांगतो, आणि मला वाटतं तुम्हीही हेच करावं. ऑब्जेक्टच्या क्रमावर विसंबायचंच नाही. फाइलमध्ये वर क्रम नावाची एक की ठेवायची आणि तिची किंमत म्हणजे ॲरे: शेतकरी, गाव, गाडी, माल असं शेवटपर्यंत. पावती छापताना आणि फाइल लिहिताना प्रोग्राम या ॲरेवरून चालतो, एकेक नाव घेतो आणि त्याची किंमत काढतो. मधे कोणत्याही लायब्ररीनं, डेटाबेसनं कीज हलवल्या तरी ॲरे हलत नाही. फक्त एक जपा, ॲरेमध्ये नसलेली एखादी नवी की आली तर ती टाकून देऊ नका, शेवटी जोडा, नाहीतर क्रम वाचवता वाचवता माहितीच जाईल. सीएसव्ही काढायची असेल तर हीच यादी पायथनच्या डिक्ट रायटरला फील्डनेम्स म्हणून देता येते, आणि ती एक्सेलमध्ये उघडणार असाल तर एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग ठेवा, मराठी नीट दिसते.

तपासताना पायथनमध्ये दोन डिक्ट बरोबरीच्या चिन्हानं तपासून समाधान मानू नका, क्रम वेगळा असला तरी त्या सारख्याच ठरतात, माझी टेस्ट म्हणूनच पास होत होती. दोन्हींच्या कीजची लिस्ट करा आणि त्या लिस्ट ताडून पाहा, आतल्या ऑब्जेक्टच्याही. नुसता फाइलचा मजकूर ताडला तर १९.४० चं १९.४ झालेलंही फरक म्हणून दिसतं, मग खरी गडबड त्यात हरवून जाते.

ज्या जुन्या फाइली आधीच सॉर्ट होऊन बसल्या आहेत त्यांच्यात पहिला क्रम शोधून सापडत नाही, तो फाइलमध्ये उरलेलाच नसतो. आधी सगळ्या फाइलींची कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, क्रमाची यादी खरेदीवाल्यासोबत बसून जुनी छापील पावती समोर ठेवून लिहा, मग एकेक फाइल वाचून यादीप्रमाणे नव्यानं लिहा. लिहिताना थेट त्याच फाइलवर लिहू नका, आमच्याकडं लाईन कधी जाईल सांगता येत नाही आणि अर्धी लिहिलेली जेसन उघडतच नाही. बाजूला तात्पुरत्या नावानं पूर्ण लिहा, बंद करा, आणि मग ओएस डॉट रिप्लेसनं जुनीच्या जागी ठेवा.