गुपित ठेवायचं ते कशाचं? सोलापुरातून लेकरांना वंडरलाला नेताना

सरप्राइज म्हणजे पोरांना काहीच न सांगता गाडीत घालायचं, असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. पहाटे साडेचारला झोपेतून उठवलेलं सहा वर्षांचं लेकरू आनंदानं उड्या मारत नाही, ते भोकाड पसरतं. कुठल्या गावाला चाललोय, किती रात्री राहायचं, आई सोबत आहे ना, एवढं त्याला ठाऊक पाहिजे. लपवायची गोष्ट एकच: तिथं जाऊन करायचं काय.

मी दोन भाच्यांची आत्या. घरातल्या सुट्टीची आखणी माझ्याकडं असते आणि ती मी मनापासून करते.

आधी ठिकाण. सोलापूरकरांना दोन दिशा आहेत. पश्चिमेला खोपोलीजवळचं इमॅजिका, पूर्वेला हैदराबादचं वंडरला, दोन्ही राइड्सची मोठी मनोरंजन पार्क. अंतर दोन्हीकडं तीनशे किलोमीटरच्या आगेमागे. इमॅजिका चांगलंच आहे, पण वाटेत पुणं ओलांडावं लागतं आणि त्यात पोरं कंटाळून जातात. माझा कौल हैदराबादला. राष्ट्रीय महामार्ग ६५ आपल्या दारातूनच जातो. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद करत सरळ पुढं गेलं की पाटणचेरूच्या अलीकडं आउटर रिंग रोड लागतो. तिथून वळसा घालून रविर्यालच्या बाजूला उतरलं की शहराच्या गर्दीत न शिरता पार्क गाठता येतं. गाडीनं सहा तास धरा, म्हणून आदल्या दिवशीच जाऊन हैदराबादला मुक्काम करा. रेल्वेनंही जाता येतं, पण पार्क शहराबाहेर आहे, टॅक्सीचा खर्च हिशेबात धरा.

आता तारीख, आणि इथं आपल्याला एक मोठा फायदा आहे. तेलंगणात शाळांची मोठी सुट्टी दसऱ्याला असते, बतुकम्मा या तिथल्या फुलांच्या सणाच्या दिवसांत. दिवाळीला तिथं एखाद-दुसरा दिवसच मिळतो. आपल्याकडं नेमकं उलट. म्हणून भाऊबीज झाली की पुढचा मंगळवार किंवा बुधवार पकडायचा. आपल्या पोरांना सुट्टी, तिथल्या पोरांची शाळा, रांगा छोट्या. दसरा आणि संक्रांत मात्र टाळा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हातून उठून हैदराबादच्या उन्हात जाण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं काम निघायच्या आधी घरीच करायचं असतं: उंची मोजायची. तिथं पोरांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. मोठ्या राइड्सना १४० सेंटिमीटरची अट असते आणि तिथली माणसं ती काटेकोर पाळतात, पाळायलाच हवी. उंचीच्या खुणेपर्यंत डोकं पोचलं नाही म्हणून रांगेतून बाहेर काढलेलं पोर मी पाहिलंय. अर्धा तास उभं राहिलं होतं बिचारं. म्हणून आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेतच, तिथं पोरांना चप्पल काढून, टाच भिंतीला टेकवून उभं केलं. डोक्यावर वही आडवी धरली आणि टेपनं मोजलं. दर दिवाळीला मोजतो, त्यामुळं कुणाला शंका आली नाही. थोरला १३७ भरला. म्हणजे रिकॉइल नावाची जी राइड माणसाला आधी पुढं आणि मग त्याच रुळांवरून उलटं मागं नेते, ती त्याला मिळणार नव्हती. हे मला आठवडाभर आधी कळलं, त्यामुळं त्याच्यासाठी काय काय आहे याची यादी मी तयार ठेवली: लाटांचा तलाव, पाण्याच्या घसरगुंड्या, आणि अंधाऱ्या हॉलमध्ये पाऊस पाडून गाणी लावतात तो रेन डिस्को.

गुपित फुटतं ते फोनमधून. एकदा पार्कचं नाव शोधलं की दुसऱ्या दिवसापासून त्याच पार्कच्या जाहिराती दिसायला लागतात, आणि घरातला फोन संध्याकाळी पोरांच्याच हातात असतो. म्हणून शोधाशोध आणि बुकिंग ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून किंवा ज्या फोनला पोरं हात लावत नाहीत त्यावरून करा. पैसे कापल्याचा मेसेजही त्याच फोनवर यायला हवा. आणि आजीला शेवटी सांगा. आजीच्या पोटात राहत नाही असं नाही, पण नातवानं गळ्यात पडून विचारलं की तिला खोटं बोलवत नाही, आणि तिच्यावर ती वेळ आपण आणूच नये.

बहाणा काय सांगायचा? देवाच्या नावावर बतावणी करू नका. गाणगापूरला चाललोय म्हणून पोरांना पाळण्यात बसवणं मला बरं वाटत नाही. पोरं रस्त्यावरच्या पाट्या वाचतात, म्हणून गाव खरंच सांगावं. सोलापुरातल्या आमच्या पूर्वभागात, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीत, घरटी कुणी ना कुणी पाहुणा तेलंगणात असतो, त्यामुळं हैदराबादचं कुणाला नवल नाही. "चारमिनार बघायला जाऊ," एवढं सांगितलं.

कपड्यांचं बघा. पाण्यातल्या राइड्सना नायलॉनसारखे कृत्रिम धाग्याचेच कपडे चालतात, सुती नाही, साडी तर नाहीच. हे बायकांना आधी सांगा, नाहीतर त्या "आम्ही बसतो सामानापाशी" म्हणून दिवसभर बाकावर बसून राहतात. सामानाला लॉकर मिळतो. वहिनी आधी नको म्हणत होती. मी तिच्यासाठी नायलॉनची लेगिंग आणि लांब बाह्यांचा टॉप आणून ठेवला. लाटांच्या तलावातून बाहेर यायला सगळ्यात उशीर तिनंच केला.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. कडक भाकरी, शेंगा चटणी प्रवासापुरती घ्या आणि आत जाण्याआधी पोटभर नाश्ता करा.

सांगायचं कधी? आदल्या रात्री सांगितलं तर पोरं झोपत नाहीत. गेटवर सांगितलं तर भांबावतात. पार्क सकाळी अकराच्या सुमारास उघडतं, म्हणून मला आठ वाजताचा नाश्ता ही नेमकी वेळ वाटते. इडलीच्या टेबलावर मी दोघांपुढं पोहायचे कपडे ठेवले. धाकटी आधी कपड्यांकडं, मग माझ्याकडं बघत राहिली. "आत्या, चारमिनारला पाणी असतंय का?" थोरल्याच्या लक्षात आलं आणि तो खुर्चीवरून उठलाच. नंतर धाकटीचा पुढचा प्रश्न: "गड्ड्यातल्यापेक्षा मोठा पाळणा आहे का तिथं?" संक्रांतीला आपल्या होम मैदानावर भरणाऱ्या गड्डा जत्रेतल्या पाळण्यापलीकडं तिनं काही पाहिलेलं नव्हतं. त्याच टेबलावर थोरल्याला उंचीचंही सांगून टाकलं. पाच मिनिटं तोंड पाडलं त्यानं, मग यादी मागितली. गेटपर्यंत त्याचं सगळं ठरलेलं होतं.

आत गेल्यावर कोरड्या राइड्स आधी, पाणी दुपारनंतर. ओल्या कपड्यांनी पुन्हा रांगेत उभं राहिलं की लहानग्यांना हुडहुडी भरते. भित्र्या पोराला ढकलू नका. त्याला आधी राइड बाहेरून एकदा पूर्ण बघू द्या, मग विचारा. नाही म्हणालं तर नाही.

त्याच रात्री सोलापूरकडं निघू नका, गाडी चालवणारा माणूसही दिवसभर उन्हात पाण्यात असतो. रात्र तिथंच काढा. सकाळी चारमिनार दाखवाच, शब्द दिलाय आपण. लवकर जा, शेजारचा बांगड्यांचा लाड बाजार उघडला की तिथं पाय ठेवायला जागा नसते. दुपारी जेवून एकला निघालात तर दिवे लागायच्या वेळेला घरी पोचता.