मुंबईत नीट राहायला पगार किती हवा? हिशेब उलटा मांडा

‘बारा लाखांचं पॅकेज, म्हणजे महिन्याला लाख’ या हिशेबावर मुंबईची नोकरी घेऊ नका. आधी खर्च मांडायचा, मग हातात किती यायला हवेत ते काढायचं आणि सीटीसीकडे, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाच्या आकड्याकडे, सगळ्यात शेवटी वळायचं. उदाहरणाला नवरा-बायको घेऊ. कमावणारं एक, ऑफिस बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात.

१. घर आणि प्रवास एकत्र मोजा. बीकेसीला लोकलचं स्टेशन नाही; ठाण्याहून निघालात तर कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षा. डोंबिवलीत भाडं कमी पडेल, पण लोकलमधला वेळ वाढेल. ऑफिस दक्षिण मुंबईत, फोर्टला असेल तर बांद्रा-सायनच्या पुढे रिक्षाच नाही. घर पक्कं करण्याआधी सोमवारी सकाळी साडेआठची लोकल पकडून बघा. रविवारी दुपारी घर बघायला गेलेल्याला सगळंच जवळ वाटतं.

समजा ठाण्यात वन बीएचके 30,000 ला मिळालं. करार 11 महिन्यांचा. दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी धरली तर ती महिन्याला साधारण 2,700 पडते. वीज, गॅस, वायफाय, कामवाल्या मावशी मिळून 7,300. घराचे झाले 40,000.

२. रोजचं जगणं. किराणा-दूध-भाजी 12,000, प्रवास 4,000, कपडे-औषधं-हॉटेल 7,000, गावी आईबाबांना 8,000. तुमचे आकडे वेगळे असतील. मागच्या तीन महिन्यांचे यूपीआयचे व्यवहार चाळा, खरं काय ते कळेल.

३. वर्षातून एकदा येणारे खर्च. इथेच बहुतेकांचा हिशेब फसतो. विम्याचा हप्ता, गणपतीला गावी जाणं, दिवाळी, घरातलं लग्न. वर्षाचे 84,000 धरले तर महिन्याला 7,000.

एकूण 78,000.

४. बचत. उरेल ते टाकू म्हटलं की काही उरत नाही. पगाराचा पाचवा हिस्सा आधीच बाजूला धरा: 78,000 भागिले 0.8, म्हणजे 97,500. एवढे हातात पडायला हवेत.

५. आता सीटीसी. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ (भविष्यनिर्वाह निधी) आणि नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी धरलेली असते, ती दरमहा खात्यात येत नाही. तुमच्या वाट्याचा पीएफ, मूळ पगाराच्या 12 टक्के, वेगळा कापला जातो. शिवाय वर्षाला 2,500 व्यवसाय कर. मूळ पगार सीटीसीच्या निम्मा असेल तर पावणेचौदा लाखांच्या सीटीसीत हे 97,500 बसतात. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला 12.75 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही, आणि कंपनीचा पीएफ व ग्रॅच्युइटी वजा जाता पगार त्याच्या आतच राहतो, म्हणून हे गणित जमतं. सीटीसीत ‘व्हेरिएबल’, म्हणजे कामगिरीवर ठरणारा हिस्सा असेल तर ते वजा करूनच मोजा.

६. पहिला पगार व्हायच्या आधी डिपॉझिट, दलाली आणि पहिलं भाडं द्यावं लागतं. डिपॉझिट लाखाचं धरलं तर हे 1,60,000 झाले. जॉइनिंग बोनस किंवा शहर बदलण्याचा भत्ता मिळेल का, हे ऑफर लेटरवर सही करण्याआधी एचआरला विचारा.